सुक्याबरोबर ओलंही जळतं

देवनारहून ट्रॉम्बेकडे निघालं की अणुशक्तीनगर लागतं. या परिसराला ‘रेडिएशन’ हा शब्द नवा नाही. पण किरण ज्या पेशीला लागलेच नाहीत, तीही बिघडते, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या कानावर आलेली नसते.

शास्त्रज्ञांनाही ती पचायला वेळ लागला. 1946 साली डी. ई. ली यांचं पुस्तक आलं आणि नेमबाजीचा हिशेब रूढ झाला: किरण पेशीच्या मर्मावर आदळला तर इजा, हुकला तर पेशी सुखरूप. पुरावा मात्र लगेचच आडवा आला होता. 1954 साली रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना फक्त प्लीहेवर क्ष-किरण दिले, तर छातीच्या हाडातल्या मज्जेत बदल दिसले. नोंद झाली आणि विषय मागे पडला. प्रस्थापित सिद्धांतात न बसणाऱ्या निरीक्षणाचं बहुधा असंच होतं.

खरा धक्का 1992 चा. हार्वर्डमध्ये नागासावा आणि लिटल यांनी प्लुटोनियम-238 चे अल्फा कण हॅमस्टरच्या पेशींवर सोडले. मात्रा इतकी कमी, की जेमतेम एक टक्का पेशींच्या केंद्रकातून कण गेला असेल. गुणसूत्रांतली अदलाबदल दिसली ती 30 टक्के पेशींत. मग 1997 साली डब्लिनच्या मदरसिल आणि सेमूर यांनी गॅमा किरण दिलेल्या पेशींचं फक्त पोषकद्रव गाळून दुसऱ्या पेशींवर ओतलं. त्याही मरू लागल्या. म्हणजे निरोप द्रवातून जात होता.

निरोप्या कोण? पहिला संशय ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांवर होता, पण त्यात एक अडचण होती. किरणांनी पाणी फुटून तयार होणारं हायड्रॉक्सिल मूलक जन्मलं तिथंच संपतं, शेजारी पोचेपर्यंत टिकत नाही. उलगडा असा, की घाबरलेली पेशी पुढं स्वतःच ऑक्सिडंट बनवत राहते: पटलावरच्या एन्झाइममधून आणि मायटोकाँड्रियाच्या गळतीतून. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड टिकाऊ आहे आणि पटल ओलांडतं. पेशी चिकटून असतील, तर दोघींमधल्या कनेक्झिन प्रथिनाच्या बोगद्यांतूनही संदेश जातात. शेजारणीत तोच ऑक्सिडेटिव्ह ताण सुरू होतो आणि तिच्या डीएनएला इजा होते. पोषकद्रवात सुपरऑक्साइड डिसम्युटेज किंवा कॅटलेज घातलं की परिणाम उतरतो. माझ्या मते सगळ्यांत पटणारा पुरावा हाच. इजेचा नमुनाही वेगळा असतो: थेट मारानं जनुकाचे तुकडे गळतात, शेजारणीत मुख्यतः एकेका अक्षराची चूक होते.

2008 साली भाभा अणुसंशोधन केंद्रातले सोमनाथ घोष, मालिनी कृष्णा आणि सहकाऱ्यांनी या कुळात एक नवं नातं जोडलं. शेजारी एकाच जातीचे असावे लागत नाहीत. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी आणि लिम्फोमाच्या कर्कपेशी यांच्यातल्या या देवाणघेवाणीत नायट्रिक ऑक्साइड आणि ते बनवणारं एन्झाइम गुंतलेलं आहे, असं त्यांनी दाखवलं. गाठीत शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशींचा विचार केला, तर किरणोपचारासाठी ही बाब बारीक नाही.

हे वाचून कुणी घरातल्या रुग्णापासून दूर बसू नये. हा शेजार शरीरातल्या पेशींचा आहे, माणसांचा नाही. यंत्रानं बाहेरून किरण घेऊन आलेला रुग्ण किरणोत्सारी होत नाही. त्याच्या मांडीवर नातवंडाला खुशाल बसू द्या.