चंद्रद्रोण पर्वतावरील गुहा आणि कॉफीचे सात दाणे

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत गुरुवारी दत्ताची आरती होते. गाणगापूर, नरसोबाची वाडी व औदुंबर ही क्षेत्रे वाचकांस परिचित आहेतच. परंतु कर्नाटकात चिकमगळूरजवळील डोंगरांत दत्तात्रेयांचे आणखी एक स्थान आहे, हे थोड्यांसच ठाऊक असेल. गतवर्षी आश्विन मासात मुलगा, सून व नातू यांच्यासह तेथे जाण्याचा योग आला. त्या प्रवासाची हकीकत व त्यामागील इतिहास बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

चिकमगळूर सोडताच घाट चढू लागतो. दोहों बाजूंस उंच वृक्षांच्या सावलीत कॉफीची झुडपे, आणि त्या वृक्षांवर चढलेले मिरीचे वेल. अर्धचंद्राकार असलेल्या या रांगेस चंद्रद्रोण पर्वत म्हणतात. कर्नाटकातील सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी याच रांगेत आहे. आम्ही वर पोहोचलो तेव्हा धुक्याने पुढील माणूसही दिसेना. गुहेत वाकूनच शिरावे लागते. आत दत्तात्रेयांच्या पादुका व नंदादीप आहेत. तेथेच मुसलमान सत्पुरुषांच्या कबरी आहेत. बाहेर येताच नातवाने विचारले, "आजोबा, हे देऊळ की दर्गा?" चौतीस वर्षे वर्गात इतिहास शिकविलेला मी क्षणभर निरुत्तर झालो.

या गिरीस बाबा बुडन यांचे नाव आहे. सुमारे १६७० साली हजयात्रेहून परतताना त्यांनी येमेनमधील मोखा बंदरातून कॉफीचे सात दाणे लपवून आणले व या डोंगरावर पेरले, अशी परंपरा आहे. अरब व्यापारी बी उगवू नये म्हणून भाजून वा उकडूनच परदेशी पाठवीत, असे सांगतात. सात दाण्यांची कथा ही परंपरा होय, दस्तऐवज नव्हे, हा विवेक इतिहासाच्या विद्यार्थ्याने राखलाच पाहिजे. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी या पिकाचा विस्तार केला आणि १९२५ साली याच जिल्ह्यात बाळेहोन्नूर येथे कॉफीचे संशोधनकेंद्र निघाले. सारांश, आज येथील सहस्रावधी कुटुंबांची चूल ज्या पिकावर पेटते, त्याचे मूळ लोकस्मृती एका फकिराच्या मुठीत पाहते.

येथील महसुली गावाचे नाव 'इनाम दत्तात्रेय पीठ' असे आहे, आणि स्थानाच्या सरकारी नावात गुरु दत्तात्रेय व बाबा बुडनस्वामी ही दोन्ही नावे एकत्र आहेत. १९७५ साली हे स्थान वक्फ मंडळाकडे देण्यात आले. १९८० साली जिल्हा न्यायालयाने ते मुजराई खात्याकडे परत देण्याचा निर्णय दिला. पूजेच्या अधिकाराविषयी सरकारने २०१८ साली काढलेला आदेश उच्च न्यायालयाने २०२१ साली रद्द केला. दत्तजयंतीस येथे पोलिसांचा मोठा बंदोबस्त असतो, हे सांगताना मनास क्लेश होतात.

महाराष्ट्रातील दत्तभक्तांस हे अवघड वाटू नये. नाथांच्या चरित्रात देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या भेटीस दत्तात्रेय मलंगाच्या वेषाने आले, अशी कथा आहे. त्या वेषास भिऊन मागे सरलेला भक्त दर्शनास मुकता, हाच त्या कथेचा बोध होय. आपल्या आज्या ही कथा भक्तिभावाने ऐकत आल्या. तिच्यात त्यांस काही विपरीत वाटले नाही.

परतीच्या वाटेवर मी नातवास म्हणालो, "बाळ, अधिकार कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु या एकाच गुहेत पिढ्यान् पिढ्या दोन नावांनी माणसे नतमस्तक झाली, हा घडलेला इतिहास आहे. कोणताही निकाल लागला तरी तो खोटा ठरत नाही." त्यास ते कितपत कळले, ईश्वर जाणे. खाली एका साध्या उपाहारगृहात आम्ही त्याच डोंगरची कॉफी घेतली. तोवर धुके विरून शिखर स्पष्ट दिसू लागले होते. ज्ञातिबांधवांनी सवड काढून हे स्थान एकदा अवश्य पाहावे, आणि मुलांनी प्रश्न विचारल्यास त्यांस दोन्ही नावे सांगावीत, एवढीच विनंती.