नहरीवरून गेलेला जेसीबी

दोन उन्हाळ्यांपूर्वी औरंगाबादेत (आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर, पण आमच्या आधीच्या दोन पिढ्यांच्या जिभेवर जे बसले तेच माझ्याही बसले आहे) आमच्या मोहल्ल्यात ड्रेनेजची नवी लाइन टाकण्याचे काम चालू होते. जोहरची नमाज पढून परत येताना पाहिले, तर चरीच्या कडेला खापराचे जाड तुकडे पडलेले. गोलाकार, बाहेरून चुन्याने लिंपलेले, आतून पांढरा थर धरलेले. शेजारचे एक वृद्ध चाचा काठीवर रेलून उभे होते. ते एवढेच म्हणाले, "ये तो नहर का नल है बाबा." तोवर जेसीबी पाच-सहा हात पुढे सरकला होता.

मी मुकादमाला थांबवायचा प्रयत्न केला. त्याच्याकडे नकाशा होता आणि त्यात विजेची केबल, टेलिफोनची केबल, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन हे सारे रंगीत रेघांनी दाखवलेले होते. चारशे वर्षांपूर्वीची पाण्याची लाइन मात्र त्यात नव्हती. "साहेब, नकाशात नाही ते माझ्यासाठी मातीच," असे तो म्हणाला. त्याचे चुकले असे मला आजही म्हणता येत नाही.

ही नहर कोणाची, हे वाचकांना माहीत असेलच. तरी थोडे सांगतो. हबशाण म्हणजे आजच्या इथिओपियातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जातो, बगदादवरून दख्खनेत येतो. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान त्याला विकत घेतो. हा चंगेजखान स्वतःही हबशीच होता. तोच मुलगा पुढे मलिक अंबर म्हणून निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो आणि 1610 च्या सुमारास खडकी नावाच्या गावाचे शहर करायला घेतो. भडकल दरवाजा, काळी मशीद, नौखंडा महाल ही त्याचीच कामे. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली असे सांगतात. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे याच मलिक अंबरच्या बाजूने लढले होते. आज हा इतिहास तुझा-माझा करणाऱ्यांनी खडकीतल्या या पुऱ्यांची नावे एकदा मोठ्याने वाचून पाहावीत.

पण खडक फोडून शहर वसवले तरी पाण्याचे काय? त्यासाठी नहर-ए-अंबरी. उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून पाणी आणायचे, तेही मोटेशिवाय, फक्त उताराच्या जोरावर. ठराविक अंतरावर हवा मोकळी करायला आणि आत उतरून गाळ काढायला उच्छ्वास. जिथे पाणी वर चढवायचे तिथे बांधीव मनोरे, ज्यांना आमच्याकडे बंब म्हणतात. बंद नळातले पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत चढू पाहते, एवढ्या एका नियमावर शहरातले हौद भरत. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीवर फिरत होती. तिथला हौद पाहायला पर्यटक येतात, पण हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत आहे, हे खाली उतरल्याशिवाय कळत नाही. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, बीदरचे करेज ही याच घराण्यातली भावंडे. त्यांच्याकडे निदान पाहायला माणसे जातात.

इथेच खरी अडचण आहे. आपला कायदा वास्तू ओळखतो, रेघ ओळखत नाही. 1958 च्या केंद्रीय कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या दोनशे मीटरना परवानगीची अट. बीबी का मकबऱ्याभोवती हे वर्तुळ आखता येते. जमिनीखालून कित्येक मैल वळणे घेत जाणाऱ्या नळाभोवती कसे आखायचे? महाराष्ट्राचा 1960 चा स्वतंत्र कायदा आहे, 1966 च्या नगररचना कायद्यात ऐतिहासिक स्थळे जपण्याची तरतूद विकास आराखड्यात करता येते. 1878 चा गुप्तधनाचा कायदा तर इतका जुना की दहा रुपयांहून जास्त मोलाचे काही सापडले तर कलेक्टरला कळवायचे. मोहरांचा हंडा निघाला असता तर त्याच मुकादमाने धावत जाऊन कळवले असते, किंवा कळवले नसते. पण काम नक्की थांबले असते. खापराच्या नळाची किंमत कोण दहा रुपये धरतो?

विकास नको असे मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत पावसाळ्यात गटाराचे पाणी घरात शिरायचे, आणि मीच त्या लाइनसाठी अर्जावर सही केली होती. इस्तंबूलमध्ये समुद्राखालून रेल्वे नेताना येनिकापी येथे जुने बंदर आणि 37 बुडालेली जहाजे सापडली. काम काही वर्षे लांबले, राज्यकर्ते वैतागले, पण रेल्वे झाली आणि जहाजेही वाचली. इंग्लंडमध्ये 1990 पासून असे धोरण आले की पुरातन अवशेषांचा विचार बांधकामाच्या परवानगीआधीच व्हायचा. आधी हाताने छोटे खड्डे खणून पाहायचे, मग यंत्र. आपल्याकडे तर एवढे केले तरी पुष्कळ होईल: नहरीची रेघ शहराच्या आराखड्यात उमटवावी, आणि त्या रेघेवर खोदाई करणाऱ्याच्या कंत्राटात काम थांबवून कळवण्याचे एक कलम असावे. केबल तुटली तर दंड होतो. नळ तुटला तर व्हावा.

आणि आपल्याच घरातले बोलायचे तर, सरकारला दोष देताना माझी मान थोडी खालीच असते. किती जुन्या मशिदींत आपणच चुन्याचा गिलावा खरवडून चकचकीत फरशा बसवल्या! फारसी शिलालेखावर ऑइलपेंट मारताना कोणी अधिकारी आला नव्हता, वर्गणी आपली होती. वझूच्या हौदात नहरीचे पाणी यायचे तो झरोका सिमेंटने बुजवून बोअरवेल घेतली, त्या बैठकीत मीही होतो. सवाबाचे काम म्हणून हात वर केला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चर बुजली. नंतरचे काही रविवार मी आणि ते चाचा मोहल्ल्यात फिरलो. त्यांना लहानपणी जिथे जिथे उच्छ्वासाचे तोंड पाहिल्याचे आठवत होते, तिथे मी वहीत खूण करत गेलो. एक खूण शाळेच्या मैदानात आली, एक पिठाच्या गिरणीमागे, एक आमच्याच जिन्याखाली. अशा अकरा खुणा झाल्या. बाराव्या जागेबद्दल चाचांची खात्री नव्हती, म्हणाले पुढच्या रविवारी बघू. तो रविवार आला तेव्हा त्यांच्या जनाजाला खांदा द्यायला मी कबरस्तानात होतो. वही माझ्याकडे आहे. तिची झेरॉक्स मी संबंधित कार्यालयात दिली, आणि पोच घेतली.