मोटारीतील सबवूफर आणि अॅम्प्लिफायरची जोडी

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तेथून जवळच कुकडीकाठी बोरी बुद्रुक आहे. ढोलकीचा घुमारा येथील रसिकांना कानाइतकाच छातीलाही कळतो. तोच अनुभव प्रवासात मिळावा म्हणून मोटारीत सबवूफर बसविला जातो. अॅम्प्लिफायरची निवड मात्र बहुधा खोक्यावरील मोठा आकडा पाहून होते, आणि तेथेच पैसे वाया जातात.

‘२००० वॅट’ हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. पाहावयाची ती ‘आरएमएस’ शक्ती, म्हणजे अखंड देता येणारी. ‘सीईए-२००६’ या मानकानुसार ती १४.४ व्होल्ट, ४ ओहम भार व १ टक्का विकृती या अटींवर मोजतात. ज्या पत्रकात अशा अटीच नाहीत, त्यातील आकड्यावर विश्वास न ठेवलेला बरा.

दुसरा प्रश्न ओहमचा. ४ ओहमच्या दोन कॉइल असलेला सबवूफर समांतर जोडल्यास २ ओहम, एकसरीत जोडल्यास ८ ओहम भार देतो. अॅम्प्लिफायर २ ओहमला किती वॅट देतो, हे पाहूनच जोडी ठरवावी. ठरलेल्या किमान ओहमपेक्षा कमी भार दिल्यास तो तापून बंद पडतो किंवा जळतो.

कमी वॅटचा अॅम्प्लिफायर घेतला की सबवूफर सुरक्षित, हा समज फसवा आहे. क्षमतेपलीकडे ताणल्यास ध्वनिलहरींची टोके छाटली जातात आणि २५० वॅटचा अॅम्प्लिफायर ५०० वॅटच्या जवळपास शक्ती कॉइलमध्ये ओतू शकतो. ३०० वॅटच्या सबवूफरची कॉइल त्यात जळते. ‘गेन’चे बटण आवाज वाढविण्यासाठी नसते, ते डेकच्या संकेताशी मेळ घालण्यासाठी असते. ३०० वॅट व २ ओहमसाठी, सबवूफर सोडवून ५० हर्ट्झचा स्वर वाजवावा आणि मल्टिमीटरवर सुमारे २४.५ व्होल्ट येताच थांबावे. लो-पास फिल्टर साधारण ८० हर्ट्झवर ठेवावा.

सबवूफरसाठी ‘डी’ वर्ग सोयीचा. ८० टक्के कार्यक्षमतेने ३०० वॅट देताना तो १३.८ व्होल्टवर सुमारे २७ अँपिअर ओढतो. ५५ टक्क्यांच्या ‘एबी’ वर्गाला त्यासाठी ४० अँपिअर लागतात. छोट्या मोटारीच्या अल्टरनेटरला हा फरक जाणवतो. ‘डी’ वर्गातील स्वस्त मालाचा विद्युत गोंगाट मात्र एफएम रेडिओत खरखर करतो. (अवकाशातील क्षीण रेडिओलहरी टिपणारी खोडदची ‘जीएमआरटी’ दुर्बीण याच परिसरात आहे, हा योगायोग!)

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील मर्यादा आहे. गावातून वा सोसायटीतून जाताना तिचे भान हवे.

खरा धोका तारेत असतो. वरील उदाहरणात १० चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार वापरावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार घेतल्यास ती अधिक जाड लागते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अॅम्प्लिफायरजवळ असेल, तर पत्र्यावर घासून सोललेली तार बॅटरीचा सारा प्रवाह ओढते आणि गाडी पेटू शकते. पत्र्यातून तार नेताना छिद्राला रबरी कडे बसवावे. खडबडीत रस्त्यांवर जोडण्या सैल होतात, म्हणून त्या अधूनमधून आवळाव्यात. अॅम्प्लिफायरही सबवूफरच्या थरथरत्या पेटीवर न बसविता वेगळ्या फळीवर बसवावा.