नाशिक येथील भोंसला विद्यालय व तेथील शारीरिक शिक्षणाचें मूळ

नाशिक येथील भोंसला मिलिटरी स्कूल ही संस्था १९३७ सालीं सुरू झाली. विद्यार्थ्यांनीं शाळेंतच राहावें, त्यांचा सर्व दिनक्रम शिस्तीनें बांधलेला असावा, आणि कवाईत, अश्वारोहण, नेमबाजी व मैदानी खेळ यांस पुस्तकी अध्ययनाच्या बरोबरीचें स्थान असावें, हा या संस्थेचा विशेष होय. या शिक्षणक्रमाचें मूळ कोठें शोधावयाचें, याविषयीं दोन टोकांचीं मतें प्रचारांत आहेत. एका पक्षाच्या मतें तो मराठ्यांच्या तालीम-आखाड्यांचा सरळ वारसा आहे. दुसऱ्या पक्षाच्या मतें ती इटलींतील तत्कालीन संस्थांची निव्वळ नक्कल आहे. दोन्ही मतांत अभिनिवेश अधिक व कागद कमी, असा प्रकार असल्यामुळें प्रश्नाची पुन्हा छाननी करणें अवश्य आहे.

कैलासवासी राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून समकालीन अस्सल पत्राचें प्रामाण्य मागाहून रचलेल्या बखरीहून श्रेष्ठ, हा दंडक आपल्याकडे रूढ झाला आहे. अर्वाचीन संस्थांच्या इतिहासासही तोच दंडक लाविला पाहिजे. संस्थांचे गौरवग्रंथ व स्मरणिका या एका अर्थीं बखरीच होत. त्यांतील श्रद्धा खरी असते, परंतु कालक्रम व कारणपरंपरा यांविषयीं त्यांवर विसंबून चालत नाहीं.

सुदैवानें या प्रकरणीं अस्सल साधन उपलब्ध आहे. शाळेचे संस्थापक डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे (१८७२–१९४८) रोजनिशी लिहीत असत. ती इंग्रजींत असून, त्यांच्या इतर कागदपत्रांसह नवी दिल्ली येथील नेहरू स्मारक संग्रहालयांत जतन झाली. २०२३ सालीं या संग्रहालयाचें नांव प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय असें झालें. इटालियन संशोधिका मार्झिया कासोलारी यांनीं २००० सालीं रोजनिशींतील इटलीप्रवासाचा भाग अभ्यासकांपुढें ठेविला, तेव्हांपासून हा वाद विशेष वाढला.

त्या भागाचा मथितार्थ असा. पहिल्या गोलमेज परिषदेनंतर मुंजे यांनीं युरोपांतील लष्करी शिक्षणसंस्था पाहिल्या. मार्च १९३१ मध्यें ते इटलींत होते. १९ मार्च रोजीं त्यांनीं रोम येथील लष्करी विद्यालय, शारीरिक शिक्षणाची मध्यवर्ती लष्करी शाळा, फाशिस्ट शारीरिक शिक्षण अकादमी व ‘बालिला’ या मुलांच्या संघटनेचें कार्य पाहिलें. आणि त्याच दिवशीं मुसोलिनीची भेट घेतली. बालिला संघटनेविषयीं त्यांनीं मोकळ्या मनानें प्रशंसा लिहिली आहे. हा पुरावा निःसंदिग्ध आहे. तो झांकण्यांत कोणताही पुरुषार्थ नाहीं.

परंतु पुरावा जितका आहे तितकाच वाचावा. १९२६ सालीं कायद्यानें स्थापन झालेली बालिला ही निवासी शाळा नव्हे. मुलें आपापल्या घरीं राहत व ठरलेल्या दिवशीं मेळाव्यास येऊन व्यायाम, कवाईत व संचलन करीत. भोंसला विद्यालयाचा मुख्य खांब जो विद्यार्थ्यांचा अहोरात्र सहवास, तो बालिलापासून निघूं शकत नाहीं. त्याचें मूळ अन्यत्र पाहिलें पाहिजे.

तें इंग्रजी धर्तीच्या निवासी शाळांत सांपडतें. राजकोट येथील राजकुमार कॉलेज १८७० सालीं व अजमेर येथील मेयो कॉलेज १८७५ सालीं सुरू झालें. तेथें राजपुत्रांस क्रिकेट, अश्वारोहण व वसतिगृहाची शिस्त यांतून घडवावयाचें, असा बेत होता. १९२२ सालीं डेहराडून येथें निघालेलें लष्करी विद्यालय याच सांच्यांतील. सैन्यांतील अधिकारपदें हिंदी लोकांस मिळावींत, ही मागणी त्या काळीं जोर धरीत होती. आणि तीं पदें मिळविण्याची वाट अशा शाळांतून जात होती. १९३१ सालीं हिंदी लष्करी महाविद्यालयाचा विचार करणाऱ्या समितींत मुंजे सभासद होते, आणि १९३२ सालीं डेहराडूनची लष्करी अकादमी उघडली. महाविद्यालय निघालें, पण त्यांत शिरण्याजोगे मुलगे मध्यम स्थितींतील घरांतून कसे तयार व्हावयाचे? १९३५ सालीं मुंजे यांनीं सेंट्रल हिंदु मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती या प्रश्नाचें उत्तर म्हणून. व्यायाम येथें करमणूक नसून प्रवेशाची पात्रता होती.

आतां आपल्या घरच्या प्रवाहाकडे वळूं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबविद्येस ऊर्जितावस्था आणिली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. तालमींत गुरु होता, व्रत होतें, आहाराचा नियम होता; परंतु वर्ग, वेळापत्रक व परीक्षा नव्हत्या. या दोहोंचा सांधा जुळविण्याचा यत्न प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयानें तळेगांव दाभाडे येथें केला. १९१० सालीं सरकारनें तें विद्यालय बंद पाडिलें. आमच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा जन्म त्याच सालचा, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पुढें १९१४ सालीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान आखाडा काढिला. त्यांतूनच वाढलेल्या व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनीं १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं हुतुतूसारखे देशी खेळ करून दाखविले. अर्थात् मुंजे रोमला गेले त्यापूर्वींच शरीरबलास राष्ट्रकार्याशीं जोडणारी विचारसरणी महाराष्ट्रांत व वऱ्हाडांत रुजलेली होती. स्वतः मुंजे तर १८९९ सालींच बोअर युद्धांत वैद्यकीय सेवेसाठीं दक्षिण आफ्रिकेस गेले होते.

यावरून निष्कर्ष असा निघतो कीं, प्रेरणा देशी, निवासाचा सांचा इंग्रजी, आणि मुलांच्या सामुदायिक संघटनेचा आदर्श बऱ्याच अंशीं इटालियन. शाळेस भोंसले कुळाचें नांव व स्थळास ‘रामभूमि’ ही संज्ञा देऊन, आणि १९३८ सालीं ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या हस्तें उद्घाटन करवून, या मिश्रणावर मराठी इतिहासाची मुद्रा उठविण्यांत आली. मुद्रा खरी आहे. परंतु मुद्रेवरून धातूची परीक्षा होत नाहीं. ज्या राजवटीची संस्थापकांनीं प्रशंसा केली, तिनें पुढें इटलीच्या तरुण पिढीची काय दशा केली, हें १९४५ पर्यंत जगानें पाहिलें. म्हणून येथें ऋण नाकारणें व ऋणच सर्वस्व मानणें, या दोहोंपासून इतिहासकारानें दूर राहिलें पाहिजे.

येथवर साधनें संस्थापकांचीं झालीं. विद्यार्थ्यांचीं साधनें घरोघरीं असतात. निवासी शाळेंतील मुलगा घरीं पत्र लिहितो. त्यांत पहांटेची थंडी, घोड्यावरून पडणें, जेवणाची तक्रार, मित्राचें नांव असें सर्व येतें, आणि योजनापत्रकांतील शिस्त प्रत्यक्षांत कशी अंगीं लागली तें त्यावरूनच कळतें. बुलढाणा जिल्ह्यांतील धामणगांव बढे यासारख्या गांवांपासून नाशिकपर्यंत, ज्यांच्या घरीं अशीं पत्रें, आखाड्यांच्या वर्गणीच्या वह्या, हजेरीपट वा स्पर्धांचीं प्रशस्तिपत्रें असतील, त्यांनीं तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. मोडी फर्मान जपणाऱ्या संग्राहकास शाळकरी मुलाचें पोस्टकार्ड क्षुल्लक वाटेल. पण शंभर वर्षांनीं या प्रश्नाचा निकाल लावणारा कागद कदाचित् तोच ठरेल.