टीमचं वऱ्हाड

आमच्या विदर्भात 'वऱ्हाड' या शब्दाचे दोन अर्थ. एक म्हणजे अमरावती-अकोल्याकडचा मुलूख. दुसरा म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी. या दुसऱ्या वऱ्हाडासाठी बस ठरवायची असेल तर नागपुरात कुणी भुवई उंचावत नाही. देवदर्शन असो, सहल असो, पुढाऱ्याची सभा असो, गाडी मिळते. पण कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमच्या मागे तीस-पस्तीस पोरं-पोरी वर्ध्याला न्यायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कशाला?"

मी रामदासपेठेत राहते. कॉलेजची तीन वर्षं आणि नंतरची दोन, अशी पाच वर्षं मी या 'कशाला'चं उत्तर देत बस ठरवल्या. मी स्वतः खेळाडू नव्हते. माझ्याकडे होती एक वही आणि त्यात नावांच्या याद्या. त्या याद्या चाळताना एक गोष्ट लक्षात आली. खेळाडूंचा इतिहास कॉलेजात सापडतो. ढाली असतात, ग्रुप फोटो असतात, विद्यापीठाच्या टीममध्ये गेलेल्या कलर होल्डरांची नावं फळ्यावर रंगवलेली असतात. त्यांना बघायला कोण गेलं होतं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून हा इतिहास उलट्या बाजूने, बाकावरून सांगून बघते.

पहिली जाहीर मॅचच बाहेरगावी

व्हॉलीबॉल जन्मला १८९५ साली, अमेरिकेतल्या होल्योक गावी. तिथल्या वायएमसीएमधले शिक्षक विल्यम मॉर्गन यांना नोकरी-धंदा करणाऱ्या मध्यमवयीन लोकांसाठी बास्केटबॉलपेक्षा कमी धसमुसळा खेळ हवा होता. त्यांनी त्याला 'मिंटोनेट' असं नाव दिलं. पुढच्या वर्षी शेजारच्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या शिक्षकांची परिषद भरली. मॉर्गन पाच-पाच जणांच्या दोन टीम घेऊन तिथे गेले. एका टीमचा कॅप्टन होल्योकचा महापौर आणि दुसरीचा तिथल्या अग्निशमन दलाचा प्रमुख! 'व्हॉलीबॉल' हे नाव त्या प्रात्यक्षिकानंतरच मिळालं.

म्हणजे या खेळाची पहिली जाहीर मॅचच प्रवास करून झाली. पण प्रवास केला तो खेळाडूंनी. बघणारे आधीच तिथे जमलेले होते. आपल्याकडच्या कॉलेजच्या खेळांची घडी आजही अशीच आहे. टीमला नेण्याची व्यवस्था असते, टीमचे टीए-डीए असतात, मुलींच्या टीमबरोबर लेडी मॅनेजर असते. बघणारा मात्र यजमान कॉलेजचाच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

विद्यापीठ लहान झालं, मॅच जवळ आली

४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ते अख्ख्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचं विद्यापीठ होतं. नागपूरची मॉरिस आणि हिस्लॉप ही कॉलेजं त्यात होती, तसंच जबलपूरचं रॉबर्टसनही. नागपूरहून जबलपूर रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या वर. गोंदियामार्गे रेल्वेने जायचं तर गोंदियाला उतरून छोट्या लाइनीच्या गाडीत बसायचं. कुठलाही खेळ असो, एवढ्या लांब मॅच म्हणजे मुक्काम आलाच. टीमची सोय होईल. पण टाळ्या वाजवायला कोण दोन रात्री घराबाहेर राहील?

मग विद्यापीठ तुटत गेलं. १९४६ मध्ये सागरला आणि १९५६ मध्ये जबलपूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. १९८३ मध्ये अमरावती वेगळं झालं, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघालं आणि चंद्रपूर-गडचिरोली तिकडे गेले. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव लावणाऱ्या या विद्यापीठाकडे उरले नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे.

याकडे सहसा विद्यापीठाचा पसारा घटला म्हणून बघतात. वही हातात घेतलेल्या माणसाला यात वेगळंच दिसतं. वर्धा साधारण पंचाहत्तर किलोमीटर, भंडारा साठेक. पहाटे निघा, मॅच बघा, रात्री घरी जेवायला या. टीमबरोबर वऱ्हाड जाऊ शकतं ते एवढ्याच अंतरात. शंभर वर्षांत विद्यापीठाचा नकाशा आक्रसत या अंतरात आला. तरी मैदानावर आपल्या कॉलेजचे म्हणून बारा खेळाडू, कोच आणि मॅनेजर एवढेच दिसतात. अडचण किलोमीटरची असती, तर ती कधीच सुटली असती.

करारात नाव असेल तरच चढा

बसची गोष्टही विद्यापीठासारखीच जोडाजोडीची. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी धावली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात नव्हता. आमच्याकडे प्रांतिक सरकारची वेगळी बससेवा होती. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि ती मुंबई राज्याच्या एसटीत विलीन झाली. महाराष्ट्र झाल्यावर तीच आजची लालपरी.

अख्खी एसटी भाड्याने घ्यायची तर त्याला शब्द आहे 'प्रासंगिक करार'. आगारात अर्ज करायचा, आगाऊ रक्कम भरायची, किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे. या दोन शब्दांवर महाराष्ट्रातली किती लग्नं पार पडली असतील, कल्पना करा. सभाही. २०२२ च्या दसऱ्याला मुंबईतल्या मेळाव्यासाठी राज्यभरातून शेकडो एसटी गेल्या. गर्दी एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायची कशी, हे महाराष्ट्राला शिकवायची गरजच नाही.

खासगी ट्रॅव्हल्सची गाडी घेतली तर १९८८ चा मोटार वाहन कायदा मध्ये येतो. त्यात प्रवासी गाड्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. टप्पा वाहतूक म्हणजे थांब्याथांब्यावर तिकीट देत जाणारी. कंत्राटी वाहतूक म्हणजे अख्खी गाडी एका कराराने घेतलेली, आणि करारात नसलेल्या माणसाला वाटेत चढवता न येणारी. पर्यटक परवान्याच्या गाडीत प्रवाशांची यादीही ठेवावी लागते. म्हणून वही हवीच. बुटीबोरीला उभा असलेला मित्र "बे, मला बी घे ना" म्हणाला आणि त्याचं नाव यादीत नसेल, तर ड्रायव्हर काका गाडी थांबवणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

हरलो तर सेवाग्राम

व्हॉलीबॉलच्या बसची खरी कटकट आहे ती नॉकआउट. क्रिकेटची तारीख महिनोन् महिने आधी माहीत असते. आमचा ड्रॉ हातात यायचा मॅचच्या एक-दोन दिवस आधी. पहिली मॅच सकाळी नऊला, हरलात तर साडेदहाला सगळं संपलं. जिंकलात तर दुपारी दुसरी आणि कदाचित उद्या तिसरी. ट्रॅव्हल्सवाल्याला सांगायचं काय? "भाऊ, एक दिवस नक्की, दुसरा देवाच्या हातात."

यावर वर्ध्यापुरता तोडगा काढला होता. हरलो तर सेवाग्राम आणि परतताना पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम. एका वर्षी टीम सकाळीच हरली आणि आम्ही एकतीस जण बापूकुटीसमोर चिंचोळे चेहरे करून बसलो. पाठोपाठ टीमही तिथे आली, कारण त्यांनाही बघणाऱ्यांबरोबरच परतायचं होतं. घरच्यांना 'शैक्षणिक सहल' हे कारण पटायचं ते यामुळेच.

नियमांनीही थोडी मदत केली. पूर्वी सर्व्हिस ज्या टीमची असेल तिलाच पॉइंट मिळायचा. सर्व्हिस इकडून तिकडे जात राहायची आणि सेट किती वेळ चालेल याचा नेम नसायचा. १९९८ नंतर जगभर प्रत्येक रॅलीला पॉइंट आला आणि सेट पंचवीसचा झाला. टीव्हीच्या सोयीसाठी मॅचची वेळ आटोक्यात आली. माझा फायदा एवढाच, की ड्रायव्हर काकांना परतीची वेळ सांगता येऊ लागली.

'परत न्यायला कोण येणार?'

आता वहीतल्या मुख्य पानाकडे येते. पहिल्या वर्षीच्या माझ्या यादीत मुलांच्या नावापुढे फक्त फोन नंबर होता. मुलींच्या नावापुढे आणखी एक कॉलम होता: परत न्यायला कोण येणार. तो मी आखला नव्हता, आयांनी आखायला लावला होता. "ताई, लेंड्रा पार्कपाशी उतरवणार ना? मग तिचे बाबा येतील. पण नऊच्या आत." बाबा येणार नसतील तर मुलीचं नाव खोडलं जायचं. तीन वर्षांच्या याद्यांमध्ये खोडलेली नावं मोजली. एक सोडून सगळी मुलींची.

याचा परिणाम मैदानावर दिसतो. व्हॉलीबॉलचं कोर्ट अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद. नियमाप्रमाणे भोवती किमान तीन मीटर मोकळी जागा हवी. कॉलेजच्या मैदानावर ती जागा म्हणजे चुन्याची एक रेघ आणि रेघेला चिकटून उभी असलेली यजमान कॉलेजची पोरं. तेरा-तेरावर सर्व्हिस करणाऱ्या मुलीच्या कानाशी ती ओरडत असतात. तिच्या बाजूने ओरडायला कुणी नसतं, कारण तिच्या मैत्रिणींची नावं यादीतून खोडली गेलेली असतात. मुलांच्या टीममागे दोन-चार मित्र बाइकवरून तरी पोचतात. मुलींच्या टीममागे जाऊ शकते ती फक्त बस.

बघणारे पोचले तर काय होतं? ३० ऑगस्ट २०२३ ला अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने मुलींची व्हॉलीबॉल मॅच थेट फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवली. प्रेक्षक होते ९२,००३. कॉलेजची मॅच, मुलींची, आणि व्हॉलीबॉलची! ती गर्दी एका रात्रीत जमली नव्हती. १९७२ मध्ये तिथे शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा कायदा आला. त्याने मुलींच्या खेळांसाठी पैसे, कोच आणि मैदानं द्यायला कॉलेजांना भाग पाडलं. बाक भरायला त्यानंतर पन्नास वर्षं गेली.

आपल्याला इतकं लांब जायलाही नको. नागपूरचं क्रिकेट २००८ मध्ये सिव्हिल लाइन्समधून शहराबाहेर जामठ्याला गेलं. घरची मॅचच जवळपास बाहेरगावची झाली. मग शहराने काय केलं? सप्टेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटीला मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालवली. बघणाऱ्यांना घरी पोचवणं हा मॅचच्या व्यवस्थेचाच भाग आहे, हे तिथे सगळ्यांना मान्य होतं. कॉलेजच्या मुलींच्या मॅचला तेवढी मोठी सोय नको. एक बस पुरते.

दरवाजा कुठे आहे?

१ जुलै २०२३ नंतर आयांचे प्रश्न बदलले. त्या मध्यरात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. पंचवीस जण गेले. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्यामुळे दरवाजातून बाहेर येता आलं नाही. जे वाचले ते काच फोडून निघाले. त्या गाडीत नागपूर-वर्ध्याची शिकायला, नोकरीला निघालेली आमच्याच वयाची मुलं होती.

त्यानंतर एका आईने मला विचारलं, "बाळा, मागचा दरवाजा उघडते का ते तू स्वतः बघितलं का?" तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर यादीच्या आधी हे येतं: इमर्जन्सी एक्झिट हाताने उघडून बघायची. काच फोडायची हातोडी जागेवर आहे का बघायची. फिटनेस सर्टिफिकेटची तारीख वाचायची. ड्रायव्हर आदल्या रात्री गाडी चालवून आलेला नाही ना, हे त्यालाच विचारायचं. आणि निघण्याआधी सगळ्यांना दरवाजे कुठे आहेत ते दाखवायचं, हसले तरी चालेल. एका ट्रॅव्हल्सवाल्याने एक्झिटपुढे जादा सीट ठोकली होती. आम्ही ती गाडी घेतली नाही आणि त्या वर्षी वऱ्हाड गेलंच नाही.

सुरक्षितपणे नेता आलं तरच आया मुलींना पाठवतील, मुली गेल्या तरच बाकावर आपलं माणूस असेल. हे सगळं एका विद्यार्थिनीच्या वहीवर चालतं, आणि ती पास होऊन गेली की बंद पडतं. कॉलेजने ठरवलं तर फार काही लागत नाही. ड्रॉ हातात येताच तो नोटीस बोर्डावर लागावा. मुलींच्या बाहेरगावच्या मॅचला वर्षातून एकदा तरी प्रासंगिक करारावर एसटी घ्यावी, सोबत एक प्राध्यापिका असावी. आणि क्रीडा विभागाच्या रजिस्टरमध्ये निकालाशेजारी एक रकाना असावा: बघायला गेलेले किती. तो रकाना भरायला लागला की रिकामा राहिल्याची लाज वाटू लागेल.

माझी वही आता दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीकडे आहे. परवा तिचा मेसेज आला, "ताई, परत न्यायला कोण येणार हा कॉलम या वर्षी मुलांसाठीपण ठेवू का?" मी लिहिलं, ठेव.