नाडी की श्वास? : हैदराबादचे क्लोरोफॉर्म आयोग



बीदर व गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे आपले जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राजवटीची आठवण आपल्याकडे निघते ती बहुधा रझाकारांच्या व मुक्तिसंग्रामाच्या संदर्भात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासात हैदराबादचे नाव नोंदले गेले ते हृदयासंबंधीच्या एका वादामुळे. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

एडिंबरो येथील सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मची भूल प्रचारात आणली. अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी, जानेवारी १८४८ मध्ये, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना दगावली. एवढ्या क्षुल्लक शस्त्रक्रियेत, भूल पुरती चढण्यापूर्वीच, मरण कसे आले? लंडनचे जॉन स्नो म्हणाले, हृदय थांबले. एडिंबरोच्या परंपरेचे मत मात्र असे की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास बंद पडतो; वैद्याने श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे पुरे.

या दुसऱ्या मताचे कट्टर पुरस्कर्ते एडवर्ड लॉरी १८८५ साली रेसिडेन्सी सर्जन म्हणून हैदराबादेत आले. तेथील वैद्यकीय शाळेची सूत्रेही त्यांच्याकडेच होती. त्यांच्या काळात शाळेत मुलींना प्रवेश मिळाला आणि त्यांतील रूपाबाई फर्दुनजी भूल देण्याचे शास्त्र शिकून पुढे जगातील आद्य स्त्री-भूलतज्ज्ञांत गणल्या गेल्या. लॉरी यांचे हे कार्य त्यांच्या आयोगांपेक्षा अधिक टिकाऊ ठरले, असे मला वाटते.

लॉरी यांनी १८८८ मध्ये पहिला आयोग नेमवून कुत्र्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच निघाला : श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने शंका घेताच निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने आपला प्रतिनिधी पाठवावा असे सुचविले. आले ते सर्वश्रुत औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन. मुंबईहून हैदराबादला जाणारा लोहमार्ग १८७४ पासून गुलबर्गा व वाडी या आपल्याच स्थानकांवरून जात होता.

दुसऱ्या आयोगाने १८८९ च्या अखेरीस कुत्री, घोडे, माकडे, बकऱ्या, मांजरे व ससे अशा चारशेहून अधिक मुक्या जिवांवर प्रयोग केले. त्यांपैकी शंभरांवर प्रयोगांत धमनीला दाबमापक जोडून रक्तदाबाची रेषा कागदावर उमटविली गेली. क्लोरोफॉर्म चढत जाई तसा रक्तदाब उतरे, मग श्वास थांबे, आणि त्यानंतरही हृदय काही काळ चालू राही. स्वतः ब्रंटन आले होते हृदयाच्या बाजूने. या रेषा पाहून त्यांचे मत पालटले. हृदयाला क्लोरोफॉर्मपासून सरळ धोका नाही, असे त्यांनी लंडनला तारेने कळविले. रेषा खऱ्या होत्या. माझ्या मते चूक झाली ती त्यांचा अर्थ लावण्यात.

केंब्रिजचे गॅस्केल व शोर यांनी १८९३ मध्ये एका प्राण्याच्या मेंदूला दुसऱ्या प्राण्याचे रक्त पुरवून दाखविले की, क्लोरोफॉर्मयुक्त रक्त केवळ हृदयाकडे गेले तरी रक्तदाब घसरतो. म्हणजे हृदयाचा स्नायू प्रत्यक्षच दुर्बळ होतो. लॉरी यांना हे पटले नाही. श्वासाकडे पाहा, नाडीकडे नको, हा त्यांचा नियम कायम राहिला. हा नियम पाळणाऱ्याला हृदय एकाएकी थांबल्याचा पत्ता उशिराच लागणार, हे उघड आहे.

तरीही हॅनाच्या मृत्यूचे कोडे सुटले नव्हते. सौम्य भुलेतच हृदय एकाएकी का बंद पडावे? उत्तर होते मूत्रपिंडांवरील चिमुकल्या अधिवृक्क ग्रंथींत. त्यांच्या अर्काने रक्तदाब चढतो हे ऑलिव्हर व शेफर यांनी १८९४ च्या सुमारास दाखविले. ताकामिने यांनी १९०१ मध्ये त्यातील अ‍ॅड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांना ‘हॉर्मोन’ म्हटले. आपण त्यांस संप्रेरके म्हणतो. भय व धडपड यांच्या वेळी अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात ओतले जाते. गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांना हलकीशी क्लोरोफॉर्मची भूल देऊन अ‍ॅड्रेनॅलिन टोचले, तेव्हा जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, लयबद्ध आकुंचन सोडून नुसते थरथरू लागल्या आणि रक्ताभिसरण तत्काळ थांबले. गाढ भुलेत मात्र हा प्रकार होत नसे.

आता हैदराबादच्या प्रयोगांकडे पुन्हा पाहा. तेथे प्राण्यांना बहुधा भरपूर क्लोरोफॉर्म देऊन गाढ भुलेत नेले जाई, आणि नेमक्या त्याच अवस्थेत हा धोका सर्वांत कमी होता. भ्यालेला, अर्धवट शुद्धीतला रोगी दाबमापकासमोर कधी आलाच नाही. आला असता तरी अ‍ॅड्रेनॅलिनचे नाव तेव्हा कोणास ठाऊक नव्हते.

लॉरी जेथे शस्त्रक्रिया करीत, ते अफझलगंज रुग्णालय १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात गेले. लेव्ही यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच १९११ साली महबूब अली खान निवर्तले.