शिपायाचा माग

देवळालीची छावणी आपल्या नाशिककरांना नवी नाही. तरीही घरातला एखादा पणजोबा १९१४ च्या महायुद्धात कोठे लढला, असे कोणी विचारले की आपण गप्प होतो. ‘बसऱ्याला गेला होता’ एवढेच आजीच्या तोंडून ऐकलेले असते. त्या युद्धातील साध्या हिंदी शिपायाचे सेवेचे कागद आज क्वचितच हाती लागतात. मग त्याचा इतिहास तेथेच संपला काय? आम्हाला तसे वाटत नाही.

पहिला साक्षीदार पुष्कळदा घरातल्या जुन्या पेटीतच असतो. तो म्हणजे बिल्ला, अर्थात पदक. चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. तेच पदक काशाचे असेल, तर तो मनुष्य बहुधा मजूर पथकात किंवा सैन्याच्या चाकरीत होता. सोबत १९१४-१५ चा तारा असेल, तर १९१५ साल सरण्यापूर्वीच तो रणभूमीवर पोचला होता. नावाच्या इंग्रजी अक्षरांवर मात्र हटून बसू नये. कारकुनाने कानी पडले तसे ते लिहिले. क्रमांकही एकटा पुरत नाही, कारण प्रत्येक पलटणीचे क्रमांक वेगळे चालत. क्रमांक व पलटण ही जोडी जुळली की वाट सापडते.

समजा, पलटण ११० वी मराठा निघाली. १९२२ च्या पुनर्रचनेत ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, हे ठाऊक नसेल तर पुढचा शोध चुकीच्या दारी जातो. ही पलटण मेसोपोटेमियात होती आणि बसरा हे त्या मोहिमेचे बंदर. म्हणजे आजीचा शब्द खरा ठरला! ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूटच्या वेढ्यातही ती होती. परंतु तेवढ्यावरून ‘आमचा पणजोबा कूटला उपाशी लढला’ असे म्हणू नये. जखमी किंवा आजारी होऊन तो आधीच परतला असेल. पलटणीची रोजनिशी पलटणीचे सांगते. माणसाविषयी दुसरा पुरावा हवा. घरातले पत्र, पेन्शनचा कागद, मृतांच्या नोंदवहीतील नाव, यांपैकी एक तरी जुळले पाहिजे.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. महाराष्ट्रातील कित्येक गावांत संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढाच त्यांवर मजकूर; नावे नाहीत. १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, पण तीस हजारांहून अधिक हिंदी शिपायांची केवळ पलटणवार संख्या आली. युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या भेदभावाबद्दल माफी मागितली. पंजाबात मात्र १९१९ साली गावोगावच्या सैनिकांच्या वह्या भरल्या गेल्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात राहिल्या आणि आज त्यांतून नातवंडे आपला माणूस शोधतात.

दगडाने ज्याला आकडा केले, त्याचे नाव पदकाच्या कडेवर अजून आहे. पण राखेने घासून ती अक्षरे झिजतात आणि अडीअडचणीला चांदी आटवली जाते. म्हणून आज घरी गेल्यावर बिल्ला घासू नका. भिंगाखाली धरून तो वाचा, कागदावर उतरवून घ्या आणि घरातील वडीलधाऱ्यांपाशी जाऊन बसा.